गडावरून तिघं उतरले

ही गोष्ट खरी आहे.

ज्याच्यासोबत घडली तो हरिओम आमच्या नात्यातला. थापा मारणारा माणूस नाही. उलट त्याला ही गोष्ट सांगायचीच नसते. कुणी विषय काढला की तो उठून बाहेर जातो. मोठ्या मुश्किलीनं त्यानं एकदाच सगळं सांगितलं. तेच इथं सांगतोय, पदरचं काही घातलेलं नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं आपण धरून चालतो. अमावस्या, किर्र अंधार, कुत्र्यांचं रडणं.

इथं तसं काहीच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण होता. रविवार. भर दुपार.

आणि जागा... कोंढारगड.

भोकरदन तालुक्यात धावड्याच्या पुढं गेलं की अजिंठ्याचे डोंगर लागतात. त्यातच हा एक गड. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं नावही घेत नाहीत, नुसतं 'गड' म्हणतात. वर फारसं काही उरलेलं नाही. पडका दरवाजा, खडकात कोरलेली दोन टाकी, मागच्या अंगाला ढासळलेला एक बुरूज. पण पावसाळ्यात सगळं हिरवंगार होतं आणि ढग अंगावरून जातात, म्हणून पोरं येतात.

हरिओम धावड्याचाच. जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला. तिथंच एका खोलीत तो, सुमित आणि इजहार असे तिघं राहायचे. सुमित सळईच्या मिलमध्ये होता. इजहार त्याच मिलचा माल टेम्पोनं पोचवायचा, त्याची बायको-लेकरू गावाकडं असायची. चार-पाच वर्षं एका ताटात जेवलेले हे तिघं. हरिओमला डेंगी झाला तेव्हा इजहार सिव्हिलमध्ये त्याच्या उशाशी बसून होता. हरिओमचे वडील, वसंतराव, वारले तेव्हा पावसात सरणाची लाकडं कुठं मिळेनात. ती इजहारनं टेम्पोतून आणून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं.

सुमित तर घरातलाच होणार होता.

हरिओमची धाकटी बहीण मीना. भोकरदनला एका दवाखान्यात नोकरीला होती. आदल्या वर्षी पोळ्याला सुमित धावड्याला आला, त्यानं तिला पाहिलं आणि परत आल्यावर हरिओमजवळ विषय काढला. हरिओमच्या चुलत्यांना, मच्छिंद्रकाकांना, हे स्थळ पटत नव्हतं. माणसं माहितीची नाहीत, जरा थांबू, असं त्यांचं म्हणणं. हरिओमनं ऐकलं नाही. माझ्या शब्दावर करा म्हणाला. मी त्याला रोज बघतो, माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखणार त्याला?

वैशाखात साखरपुडा झाला. तुळशीचं लग्न झालं की लग्न, असं ठरलं.

आखाड संपत आला तसा सुमित गप्प गप्प राहायला लागला. जेवताना मोबाईल पालथा ठेवायचा. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. हरिओमला वाटलं, लग्न जवळ आलंय, होतं असं. गडावर जायचं सुमितनंच काढलं, तेव्हा तर हरिओम खूश झाला. म्हणाला, जाता जाता घरी चहा घेऊ.

दोन मोटारसायकली. सुमित एकटा, आणि इजहारच्या मागं हरिओम.

धावड्यात हरिओमचं घर रस्त्यालाच आहे. मीना ओट्यावर उभी होती. तिला फोन करून ठेवला होता. पण सुमितनं गाडी हळू केलीच नाही. पुढं गडाच्या फाट्यावर थांबल्यावर म्हणाला, पाऊस वाढायच्या आत वर जाऊन येऊ, उतरताना निवांत बसू घरी. इजहार कुणाकडंच बघत नव्हता. गाडीच्या टाकीवर पडलेलं पाणी बोटानं निपटत बसला होता.

हरिओमच्या तेव्हा काही लक्षात आलं नाही.

पायथ्याला दैवशाला मावशीची चहाची टपरी आहे. गाड्या तिथं लावल्या. भुरभुर चालू होती, म्हणून तिघांचे मोबाईल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुमितच्या सॅकमध्ये टाकले. मावशीनं एवढंच सांगितलं, की वर ढग उतरला तर आहे तिथंच बसा, आपोआप जातो तो. घाई करू नका.

चढण काही फार नाही. निसरडं मात्र होतं. दरवाज्यापाशी पोचले, तोवर खालची वाडी धुक्यात दिसेनाशी झाली होती. टाक्यांमध्ये बेडकांनी नुसता गोंधळ घातला होता. एकमेकांशी बोलायला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

दरवाज्याच्या चिऱ्यावर तिघं टेकले. सुमितनं तंबाखू मळली. मग म्हणाला, "हरी, एक बोलायचं व्हतं तुझ्यासंग."

इजहार मधेच बोलला. "खाली गेल्यावर बोल यार. इथं न्हाई."

हरिओम हसला. हनिमूनला कुठं जायचं ते विचारायचं असेल म्हणाला. मागचा बुरूज बघून आलोच, तोवर तुम्ही दोघं ठरवा काय ते, असं म्हणून तो उठला.

बुरूज हाकेच्या अंतरावर होता. मधे गुडघाभर गवत आणि पडलेले चिरे.

तो अर्ध्यात पोचला असेल... आणि ढग उतरला.

हळूहळू नाही. कुणीतरी घोंगडी टाकावी तसा. आपला हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती.

मावशीचं बोलणं त्याच्या ध्यानात होतं. बसावं असा विचार करून त्यानं एक पाऊल मागं घेतलं. पायाखालचा चिरा निसटला. उजवा पाय दोन दगडांच्या फटीत पार नडगीपर्यंत गेला आणि वरचा दगड सरकून त्यावर बसला.

त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. हाड मोडलं नव्हतं, पण पाय हलेना. ओढला की कळ थेट कमरेत जायची.

त्यानं हाक मारली. सुमित. इजहार.

बेडकांच्या आवाजात हाक पोचत नसेल असं वाटून त्यानं पुन्हा जोर लावून ओरडायला तोंड उघडलं...

आणि बेडूक थांबले.

सगळे. एकाच वेळी.

पाऊसही थांबला होता. वाराही नव्हता. आपल्याच छातीतली धडधड कानांत ऐकू यावी इतकं गप्प झालं सगळं.

त्या शांततेत दरवाज्याकडून सुमितचा आवाज आला. अगदी स्वच्छ. दहा पावलांवर बसून बोलावं तसा.

"आलास का? मंग चल, उतरू. लई ढग आला."

हरिओमला वाटलं, आपल्यालाच म्हणतोय. तो सांगणार होता, की पाय अडकलाय, इकडं या.

तेवढ्यात... कुणीतरी उत्तर दिलं.

"चला."

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते. मोबाईलवर ऐकला तरी तो आपला वाटत नाही. पण हरिओमनं तो ओळखला. 'ला' जरा ओढून म्हणायची त्याची पद्धत. लहानपणापासून मीना त्यावरून त्याची नक्कल करायची.

तो त्याचाच आवाज होता.

हाक मारायचं तो विसरूनच गेला. दगडांवर बुटांचा आवाज झाला. एकाचा, दुसऱ्याचा... तिसऱ्याचा. उतारावर लागले होते तिघं.

मग मात्र तो ओरडला. जीव खाऊन ओरडला. दोघांची नावं घेऊन, मी इथं आहे, मला सोडून जाऊ नका, असं ओरडला.

पावलं थांबली.

हे तो छातीवर हात ठेवून सांगतो. पावलं थांबली होती. क्षणभर खाली कुणीतरी उभं होतं, ऐकत होतं. हरिओमनं पुन्हा हाक मारली, इजहारच्या नावानं.

आणि पावलं पुन्हा चालायला लागली. पहिल्यापेक्षा जोरात.

थोड्या वेळानं टाक्यातला एक बेडूक ओरडला. मग दुसरा. मग सगळे.

ढग गेला तेव्हा गडावर कुणी नव्हतं. हरिओमनं हाताला आलेल्या दगडानं ठोकून ठोकून फट मोकळी केली. पाय निघाला, बूट आतच राहिला. नडगी सोलून निघाली होती, घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. बसत, सरपटत, झाडं धरत तो उतरला.

उतरताना त्याला भीती नव्हती. राग होता. धुक्यात आपल्याला भास झाला असेल, आवाज कसेही घुमतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. पण हाका ऐकून दोघं निघून गेले, हे खरं होतं. ते त्याला गिळवत नव्हतं.

टपरीपाशी आला तेव्हा दिवस कलायला लागला होता. गाड्या नव्हत्या.

दैवशाला मावशी भांडी विसळत होती. तिनं वर पाहिलं. हातातलं पातेलं तसंच धरून ती उभी राहिली.

"तू मघाशी गेल्तास ना रे?" ती म्हणाली.

तिघं उतरले होते. तिघं बाकड्यावर बसले होते. तिनं तिघांना चहा दिला होता. सॅकवाला पोरगा बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगत होता, आणि हरिओम ऐकत होता, मान हलवत. नीट बघितलं का, मीच होतो का, असं त्यानं दोनदा विचारलं. तूच होतास म्हणाली. हाच सदरा. फक्त चहा घेतला नाहीस. ग्लास हातात धरून बसलास, त्यावर साय आली तरी.

त्या ग्लासातला चहा तिनं मागं ओतला होता. तिथं दोन कुत्री नेहमी असायची. ती त्याकडं फिरकली नव्हती.

तिनं हरिओमला बसही म्हटलं नाही. धावड्याकडं जाणारी दुधाची गाडी हात करून थांबवली आणि त्याला त्यात बसवून दिलं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. आई, द्वारकाबाई, ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तो अंगणात आला तरी उठली नाही.

"आता काय राह्यलं सांगायचं?" एवढंच म्हणाली.

मीना आतून आली. डोळे सुजलेले. बोटात साखरपुड्याची अंगठी नव्हती. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तू एकदा तरी त्याला विचारायचं व्हतं. कामून म्हणून."

काय विचारायचं होतं, हे हरिओमला कळेना.

ते त्याला तुकड्यातुकड्यानं कळलं. कळलं म्हणजे, आपणच दुपारी येऊन काय सांगून गेलो, ते आईच्या तोंडून त्यानं ऐकलं.

दुपार उलटल्यावर तो आला होता. अंगणात लिंबाखाली उभा राहिला. आईनं आत ये म्हटलं, आला नाही. तिथूनच सांगितलं, की सुमितला लग्न करायचं नाही. त्याचं दुसरीकडं जमलंय, मिलच्या ऑफिसातली प्रिया नावाची पोरगी आहे. तो आज बोलला. मी बरं म्हणालो.

आई रडायला लागली. मीनानं विचारलं, "तू काहीच बोलला न्हाईस त्याला?"

त्यावर तो हसला होता.

"मला काय करायचंय?" म्हणाला. आणि घराला वळसा घालून मागं गेला.

आई त्याच्यामागं धावली. मागं कपाशीचं रान आहे. कपाशी तेव्हा गुडघ्यालाही लागत नव्हती, कुणी लपायचं म्हटलं तरी लपता येणार नाही. रानात कुणी नव्हतं. चिखल होता... त्यात पाऊल उमटलेलं नव्हतं.

हरिओम जमिनीवरच बसला. सुमितनं लग्न मोडलं, हे त्याला असं समजलं.

मी आलोच नव्हतो, मी गडावर अडकलो होतो, हे तो पुन्हापुन्हा सांगत राहिला. पाय दाखवला. आईनं हळद गरम करून लावायला घेतली. लावता लावता तिचा हात थांबला.

"मघाशी तर चांगला चालत आल्तास," ती म्हणाली.

मीनाला मात्र काहीच ऐकायचं नव्हतं. तोंडावर सांगायची हिंमत झाली, मग आमचं रडणं बघून पस्तावलास, आणि आता पायाचं नाटक घेऊन आलास, असं ती म्हणाली. चुकलं तर चुकलं म्हण. भूत कामून पुढं करतो?

पाय टेकवेना, तरी दुसऱ्या दिवशी तो जालन्याला गेला. सुमित खोलीतच होता. हरिओम काही बोलायच्या आत त्यानं त्याचा हात हातात घेतला. म्हणाला, "भाऊ, मी लई घाबरलो व्हतो. पण तू एवढ्या मोठ्या मनानं घेतलंस, मी जिंदगीभर विसरणार न्हाई."

हरिओमनं हात सोडवून घेतला. टपरीवर तुझ्यासोबत बसलेला मी नव्हतो म्हणाला. माझा मोबाईल अजून तुझ्या सॅकमध्ये आहे. मी उतरलो असतो तर घेतला नसता का?

सुमितनं सॅक उघडली. मोबाईल होता. सुमितनं तो उलटसुलट करून बघितला. मग त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, मी दिला होता, तूच राहू दे म्हणालास. आता घरच्यांनी फैलावर घेतलं म्हणून शब्द फिरवतोस का?

इजहार दारात उभा होता. हरिओमनं त्याला विचारलं, तू तरी सांग. तो जिना उतरून गेला.

पुढं बैठक झाली. दोन्हीकडची माणसं धावड्याला मच्छिंद्रकाकांच्या ओसरीत बसली. सुमितच्या मामानं सगळ्यांसमोर सांगितलं, की आम्ही फसवणूक केलेली नाही. पोरीच्या भावाला आधी विचारलं, त्यानं हसत मान्य केलं, मग मोडलं. साक्षीला इजहार आहे.

इजहारला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "जी. हरी व्हता. त्यानं बरं म्हणलं."

हरिओम उभा राहिला आणि गडावरचं सगळं सांगितलं. ढग, बेडूक, आवाज, सगळं. कुणीतरी तोंड फिरवून हसलं. मच्छिंद्रकाका हसले नाहीत. ते म्हणाले, तुझ्या शब्दावर पोरगी दिली होती, आणि तुझ्याच शब्दावर सोयरीक मोडली. आता बस खाली.

त्यानंतर हरिओमनं ती खोली सोडली. एकटा राहायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात मीनाचं लग्न झालं. अंकुशनगरला दिली, नवरा साखर कारखान्यात आहे. चांगला माणूस आहे. मीना सुखात आहे. राखीला न चुकता फोन करते, तब्येत विचारते. फक्त लहानपणापासून दादाला 'अरे तू' म्हणणारी ती पोरगी आता त्याला 'तुम्ही' म्हणते.

इथवरही ही गोष्ट संपली असती. धुक्यात भास झाला, मित्रांनी खोटं बोलून अंग काढून घेतलं, आईचं वय झालं, असं काहीतरी म्हणता आलं असतं. हरिओम स्वतःही तसंच म्हणायला लागला होता.

पण गेल्या हिवाळ्यात इजहार आला.

जेवणाच्या सुट्टीत हरिओम कारखान्याच्या गेटबाहेर आला, तर समोर टेम्पो उभा. इजहार खाली उतरून उभा होता. वाळला होता. शहाजादी भाभीनं, त्याच्या बायकोनं, कसम घालून पाठवलं म्हणाला. झोपेत ओरडतो म्हणे. तुझं नाव घेऊन.

दोघं टेम्पोच्या सावलीत बसले.  इजहार एकदम म्हणाला, "मला मालूम व्हतं हरी."

हरिओम त्याच्याकडं वळला.

"दरवाज्यावर तो ढगातून आला तेव्हाच. आम्ही दोघं चिप्प भिजलेलो. तो कोरडा व्हता. केस बी कोरडे. सुमितच्या ध्यानात न्हाई आलं, तो आपल्याच टेन्शनमधी. पण मी बघितलं."

उतरताना पुढं सुमित, मधे तो, मागं इजहार. आणि तेवढ्यात वरून हाक आली. हरिओमची हाक. इजहारनं ती स्वच्छ ऐकली. पुढं हरिओमची पाठ दिसत होती, आणि वरून हरिओमच ओरडत होता.

"मी थांबलो. तो बी थांबला. सुमित पुढं गेल्ता, त्याला काई ऐकू गेलं न्हाई. तो वळला माझ्याकडं..."

इजहारनं कपाळावरचा घाम पुसला. थंडीचे दिवस होते.

"त्यानं मला इचारलं. वर कोण ओरडून राह्यलं?"

हरिओमनं विचारलं, "तू काय म्हणलास?"

इजहार रस्त्याकडं बघत राहिला. एक ट्रक गेला, दुसरा गेला.

"मी म्हणलं... कोणी न्हाई."

मग तो सांगत सुटला. गाडीवर तो मागं बसला तेव्हा गाडी जराही दबली नाही. आरशात बघायची छाती झाली नाही. धावड्याच्या फाट्यावर तो उतरला, तेव्हा त्यानं इजहारच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "तू बराबर बोललास." त्या खांद्याला अजून पावसात मुंग्या येतात. बैठकीत खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर तेच पुन्हा ऐकू आलं. तू बराबर बोललास. तेव्हापासून मोटारसायकलवर मागं कुणालाच बसवत नाही, लेकरालाही नाही.

इजहार रडत होता. हरिओमला रडू आलं नाही. त्यानं फक्त एक विचारलं. तू 'हरी आहे वर' असं म्हटलं असतंस, तर काय झालं असतं?

आत कारखान्याचा भोंगा वाजला. 

सुट्टी संपली. हरिओम उठून आत गेला. इजहारला त्यानं माफ केलं की नाही, हे मी विचारलं होतं. तो दुसरंच काहीतरी बोलायला लागला.

सुमितचं प्रियाशी लग्न झालं, मुलगाही झाला. त्याला आजही वाटतं, की त्या दिवशी टपरीवर हरिओमच होता. तो कुठं भेटला तर नमस्कार करतो.

ते कोण होतं, गडावरून कशाला उतरलं, कपाशीच्या रानातून कुठं गेलं, काहीच कळलं नाही. ते परत वर गेलं का, हेही माहीत नाही. दैवशाला मावशीला विचारलं, तर म्हणाली, खाली येताना दिसलं, वर जाताना दिसलं नाही.

हरिओम महिन्यातून एकदा धावड्याला जातो. आई आता एकटीच असते घरी. तो अंगणात आला की ती लगेच 'ये' म्हणत नाही. ओट्यावर उभी राहून बघते. तो कसा चालतो ते बघते. पायाचं दुखणं बरेच दिवस रेंगाळलं होतं, तो लंगडत यायचा. लंगडताना दिसला की तिच्या जीवात जीव यायचा, मग ती 'ये' म्हणायची.

पाय बरा होऊन आता वर्ष झालं.

तरी तो फाट्यावर उतरतो, घराजवळ येतो, आणि अंगणात शिरताना लंगडायला लागतो.